पायलीभर भात आणि नळीभर थुंकी

सर्व आप्तेष्ट, ग्रामस्थ आणि हितचिंतक यांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, आमच्या घराण्याची थुंकी परदेशी जाऊन आलेली आहे.

आजवर आमच्या घराण्यातलं कुणीही परदेशी गेलेलं नाही. मी कल्याणच्या पलीकडे जायला निघालो तरी आई अजून फाट्यापर्यंत सोडायला येते. असं असताना विमानात बसण्याचा पहिला मान मिळाला तो थुंकीला. तिला ना पासपोर्ट लागला, ना कुणी नारळ दिला.

मी भातसानगरला धरणाच्या कार्यालयात नोकरीला आहे. (मुंबईतला प्रत्येक नळ माझ्या जिवावर वाहतो, असं मी लग्नकार्यात सांगतो. प्रत्यक्षात मी टपाल घेतो आणि टपाल देतो.) मला एक जुनी खोड आहे. आमचा मूळपुरुष माहुलीगडाचा किल्लेदार होता, असं मी भेटेल त्याला सांगत असतो. पुरावा एकच, आमच्या क्वार्टरच्या गच्चीवरून गड दिसतो.

"गच्चीवरून पाण्याची टाकी पण दिसते," बायको म्हणते. "ती पण तुमच्या पूर्वजांनीच बांधली का?"

माझ्या पन्नासाव्या वाढदिवसाला पुण्याला नोकरी करणाऱ्या आमच्या मुलीने, प्राचीने, एक खोका पाठवला. आत एक प्लॅस्टिकची नळी, तिच्यावर एक रेष, आणि सूचना. रेषेपर्यंत थुंका, झाकण लावा, पाठवून द्या. मग ते सांगणार तुमचं मूळ कुठलं आणि तुमचं रक्त कुणाशी जुळतं. "बाबा, एकदाचा तुमचा किल्लेदार सापडू दे," प्राची फोनवर म्हणाली, "म्हणजे आई सुटेल."

मी ताबडतोब थुंकलो. पण थुंकण्याआधी तो खोका मोटरसायकलला बांधून गावी मिरवून आणला. आमचं गाव मुरबाडच्या पुढे, टोकावड्याच्या अलीकडे. आबा, म्हणजे माझे वडील, ओट्यावर सुंभ वळत बसले होते. हल्ली ते कायम सुंभच वळतात. वळलेला सुंभ लागतो कुणाला? कुणालाच नाही. पण हातांना येतं ते हात करतात. बाकी आबांचं एकेक सुटत चाललं होतं. चष्मा कपाळावर आणि शोध अख्ख्या घरात, इथून सुरुवात झाली. मग दोन वर्षांपूर्वी घेतलेल्या म्हशीला ते पाहुण्यांची म्हैस म्हणू लागले. कल्याणच्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं होतं की नवं आधी जाईल, जुनं शेवटी. हे ऐकून आबा खूश झाले होते. "म्हंजे तुजी आय ऱ्हाईल," ते मला म्हणाले, "सून गेली तरी."

तर मी ती नळी आबांपुढे नाचवली आणि सगळं समजावून सांगितलं. आबांचे हात थांबले.

"ह्यात आय कोन त्ये कळतंय?"

मी हसणार होतो, पण हसलो नाही. कारण आबा हसत नव्हते.

इथे जरा मागे जायला हवं. नानाकाका आणि आत्या ही माझ्या आजीची थोरली दोन. त्यांच्यानंतरची तीन मुलं पाळण्यातच गेली. मग आबा जन्मले. आपल्याकडे अशा वेळी काय करतात ते जुन्या माणसांना ठाऊक आहे. बाळ जन्मताच सुपात घालायचं आणि जिची सगळी मुलं जगली आहेत अशा बाईला देऊन टाकायचं. म्हणजे मृत्यू दारात आला की त्याला वाटतं, ह्या घरात पोर नाहीच. मग तेच पोर त्या बाईकडून धान्य मोजून विकत घ्यायचं. विकतचं पोर मृत्यूच्या हिशेबात नसतं. (आमच्या घराण्याने आयुष्यात केलेली ही एकमेव यशस्वी लबाडी.) पाड्यावरच्या चांगुणाबाईला सात मुलं होती आणि सातही धडधाकट. तिला पोर दिलं, पायलीभर भात देऊन परत घेतलं, नाव ठेवलं भिकू. आणि भिकू जगला.

आबा चांगुणाबाईलाही आयच म्हणायचे. ती होती तोवर दर दिवाळीला तिला लुगडं गेलं. यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. पण पुढे जमिनीच्या वाटण्या झाल्या, भाऊ-भाऊ बांधावर उभे राहिले, आवाज चढले, आणि नानाकाका चारचौघांत म्हणाले, "तू आमचा हायसच कुटं? तुला पायलीभर भातावर घेतलाय."

वाटणी झाली. पुढे दोघे बोलूही लागले. पण ते वाक्य नानाकाकांनी मागे घेतलं नाही, आणि एके दिवशी ते तसेच जग सोडून गेले.

"मानूस रागात बोलतो," मी आबांना म्हणालो. "तुम्ही आजीचेच. सगळ्यांना माहितीये."

"कोनाला म्हाईत हाय? बघितलाय कोनी?"

बघितलं होतं एकाच माणसाने. आत्याने. पण आत्या तेव्हा सात वर्षांची. बाळंतपणाच्या गडबडीत तिला मामाकडे पाठवलेलं होतं. ती परत आली तेव्हा तिने काय पाहिलं, तर परसात आजी अधोलीने, म्हणजे अर्ध्या पायलीच्या मापाने, भात मोजतेय, एकच्या जागी "लाभ" म्हणाली, "दोन" म्हणाली, आणि चांगुणाबाईने पोर तिच्या हातात दिलं. म्हणजे जगातल्या एकमेव साक्षीदाराने फक्त खरेदीच पाहिलेली! बरं, आत्या खोटं बोलत नाही. आबांनी आयुष्यभर तिला विचारलं आणि ती आयुष्यभर तेच सांगत आली, "मी घेताना बघितला रे भिक्या. देताना मी व्हते कुटं?"

"दोगी आया माज्याच," आबा मला म्हणाले. "मला काय कोनाला टाकायची नाय. पन इचारलेला हाय, तर उत्तर पायजे. आनि लवकर पायजे. उत्तर येल तवा सवाल ध्यानात ऱ्हायला पायजे ना."

मी त्याच ओट्यावरून प्राचीला फोन लावला.

"आजोबांना मूळ गाव कुठलं ते हवंय की भाऊबहीण?" तिने विचारलं.

"फरक काय?"

"बाबा, कुठून आलात हे सांगताना ते तुमची तुलना त्यांच्याकडे असलेल्या माणसांशी करतात. आपल्याकडची माणसं त्यांच्याकडे फार नाहीत. त्यामुळे तो अंदाज. पण दोन माणसं सख्खी की परकी, ते बऱ्यापैकी खरं निघतं. आजोबा आणि आत्याआजी, दोघांचंही पाठवा."

असे आणखी दोन खोके आले. माझी नळी तोवर रवाना झालेली होती.

थुंकण्याचा दिवस ठरला. टोकावड्याहून आत्या एसटीने आली, इरकली लुगडं नेसून, जणू साखरपुड्याला. मी दोघांना अंगणात खुर्च्यांवर बसवलं आणि सूचना वाचल्या. थुंकण्याआधी अर्धा तास काही खायचं नाही, प्यायचं नाही, तोंडात काही ठेवायचं नाही.

"मिश्री?" आत्या म्हणाली.

"मिश्री नाही."

"अर्धा तास? दिन्या, माजा घरधनी गेला तवा बी मी मिश्री सोडली नवती."

"आत्या, भावासाठी."

तिने कमरेची डबी काढून आईकडे दिली. मंगळसूत्र गहाण ठेवावं तशी. अर्धा तास ती त्या डबीकडे बघत बसली. मग नळी हातात घेतली आणि तीन दमात रेषेच्या वर गेली. जन्मभर मिश्री लावलेल्या बाईला थुंकायला शिकवायचं नसतं.

आबांचं मात्र जमेना. गोळ्यांनी त्यांचं तोंड कोरडं पडलेलं. ते बिचारे नळी ओठाला लावून बसले, आणि नळीत काही उतरेना. आता खायला तर काही देता येत नव्हतं. मग मी शक्कल लढवली. दिवस कैऱ्यांचे होते. मी आबांसमोर मांडी घातली आणि मीठ-मिरची लावलेली कैरी त्यांना दाखवून दाखवून खाऊ लागलो. मचमच आवाज केला, एक डोळा मिटला, अंग शहारवलं. कुंपणापलीकडे बघायला आलेल्या सगळ्या शेजाऱ्यांच्या तोंडाला पाणी सुटलं. आत्याच्या सुटलं. म्हशीने मान वर केली. सुटलं नाही ते फक्त आबांच्या. मुंबईला पाणी पाजणाऱ्या खात्यातला माणूस मी, बापाच्या तोंडाला चमचाभर पाणी आणू शकलो नाही.

"खा तू, खा," आबा प्रेमाने म्हणाले. "भूक लागली असंल."

कसंबसं अर्ध्या रेषेपर्यंत आलं आणि आबा थकले. आत्याची गाडी चुकू नये म्हणून मी तिला फाट्यावर सोडायला गेलो. परत येऊन बघतो, तर नळी काठोकाठ भरलेली. आबा गाढ झोपलेले. आई शेजारी वारा घालत बसलेली.

"भरलं?" मी विचारलं.

"भरलं," आई म्हणाली.

बापाच्या जिद्दीला मी मनोमन नमस्कार केला आणि झाकण लावलं.

पहिला निकाल माझा आला. किल्लेदाराचा त्यात रकानाच नव्हता. जवळजवळ सगळा मी इथलाच निघालो, ज्यासाठी एवढा टपालखर्च करायची गरज नव्हती. पण शेवटी एक ओळ होती. दोन टक्के फिनलंड!

वाचकहो, त्या दोन टक्क्यांनी माझं डोकं फिरवलं. मी नकाशा विकत आणला. गावात चहाच्या टपरीवर लोक मला 'काय फिनलंड, येणं कधी झालं?' असं विचारू लागले. माहुलीचा किल्लेदार फिनलंडहून घोड्यावर कसा आला याचा सविस्तर मार्ग मी ऑफिसात भिंतीवर रेखाटला. बायकोने माझ्या अंगावरची गोधडी काढून घेतली. "तुमच्या रक्तात थंडी आहे," म्हणाली, "तुम्हाला काय करायची गोधडी?"

मी गावी जाई, तेव्हा आबा ओट्यावरून विचारत, "आला का रे कागद?"

"तुमचा नाही अजून. आत्याचा आलाय. पण माझा ऐका," असं म्हणून मी त्यांना फिनलंड ऐकवी. ते शांतपणे ऐकून घेत. "थंडी लय असंल," म्हणत. मग पुन्हा, "माजा कदी यायचा?"

आणि मग एक दिवस कंपनीने स्वतःकडची माणसं वाढवली, हिशेब नव्याने केला, आणि माझं फिनलंड गेलं. सकाळी मोबाइल उघडला, तर जागेवर नाही! दोन टक्के पूर्वज एकाएकी वारले. सुतक पाळावं की नाही, हे सांगायलाही कुणी नव्हतं.

"बाबा, अंदाज होता तो," प्राची म्हणाली. "मी सांगितलं होतं."

त्याच आठवड्यात आबांच्या नळीचं पत्र आलं. नमुना बाद. यात एकाहून अधिक माणसांची थुंकी आढळते.

मी तडक गावी गेलो. आबा ओट्यावर, आई चुलीपाशी.

"आई, त्या नळीत आणखी कोण थुंकलं?"

आई भाकरी थापत राहिली. तिने चाळीस वर्षं मुरबाडच्या हॉटेलांना दूध घातलं. तिचं माप कधी कमी भरल्याचं कुणी म्हणालेलं नाही. माप भरल्यावर वर धार सोडायची, ही तिची रीत.

"अर्दीच व्हती," ती शेवटी म्हणाली. "आपल्या घरातून एवढ्या लांब माप जातंय, ते उणं कसं धाडायचं? म्हनून मी वरून जरा घातली."

"आई, अगं ती आबांची हवी होती. निव्वळ आबांची."

"बावन्न वरसं एका ताटात जेवतोय आमी. आता काय येगळी ऱ्हायली असंल?"

यावर जगातल्या कुठल्याही प्रयोगशाळेकडे उत्तर असेल असं मला वाटत नाही. मी भाकरी खाल्ली आणि परत आलो.

नवा खोका यायला पावसाळा गेला. आणि पावसाळ्यात आबांचंही बरंच काही वाहून गेलं. ते कागदाचं विचारायचे थांबले. मी ओट्याची पायरी चढलो की "या, बसा" म्हणू लागले. मला वाटायचं थट्टा करतात. घराण्याची खोड आहे, म्हटलं. मीही हात जोडून म्हणायचो, "बसतो सरकार." आई आत निघून जायची.

नवी नळी त्यांच्या ओठाशी नेली, तर त्यांनी तोंड फिरवलं. "घरात थुकू नाय," ते म्हणाले. कैरीचा मोसम संपला होता. मी चिंच खाल्ली, लिंबू चोखलं, माकडासारखी तोंडं केली. आबा खळखळून हसले. पण तोंड मिटूनच. लहानपणी शिकलेली सभ्यता सगळ्यात शेवटी जायची होती, ती शाबूत होती.

मी प्राचीला फोन करून सांगितलं की आता जमत नाही, राहू दे.

"बाबा, आत्याआजीचा निकाल आला होता ना? आणि तुमचा आलेलाच आहे."

"आमचं काय करायचंय? प्रश्न आबांचा आहे."

"आजोबा परके असते, तर तुम्ही पण आत्याआजीला परके असता. तुमच्या निकालात नातेवाइकांचं पान असतं. उघडलंत कधी?"

मी उघडलेलं नव्हतं. फिनलंडच्या खालीच होतं ते. आम्ही दोघांनी मिळून ते उघडलं, ती पुण्यात आणि मी धरणावर. तिथे माझ्या नावाखाली एकच नाव होतं, आत्याचं. पुढे लिहिलं होतं, अगदी जवळचं नातं. आत्या किंवा तसंच कुणी.

"परक्या बाईशी इतकं जुळत नाही," प्राची म्हणाली. "आत्याआजीचा निकाल आला त्या दिवसापासून हे असंच असणार बाबा. उन्हाळ्यापासून."

म्हणजे आबा ओट्यावरून "आला का कागद" विचारत होते, तेव्हा कागद माझ्या खिशात होता. मी त्यांना थंडीच्या गोष्टी सांगत होतो.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली. टोकावड्याला गेलो, आत्याला मागे बसवलं आणि घेऊन आलो. वाटेत दोन्ही बाजूंना भात पिवळं पडायला लागलं होतं. आत्याने अख्ख्या रस्त्यात मिश्री लावली नाही.

आबा ओट्यावर सुंभ वळत होते. आत्याला बघताच त्यांचा चेहरा उजळला. "बाय! कवा आलीस गो?"

"आत्ता आली रे."

ती त्यांच्या शेजारी टेकली. आई दारात उभी राहिली. मी अंगणात मधोमध उभा राहिलो, घसा साफ केला, मोबाइल तळहातावर पोथीसारखा धरला आणि मोठ्या आवाजात वाचलं. आयुष्यात इतकं चांगलं मी काही वाचलेलं नाही. आजीचं नाव घेतलं, आबांचं घेतलं, आत्याचं घेतलं. थुंकीचा निर्वाळा आहे, म्हटलं, सगळी एकाच आईची. आबा मान डोलवत होते, भजनाला डोलवतात तशी.

"ऐकलास ना भिक्या?" आत्याने त्यांचा हात धरला. तिच्या डोळ्यांतून धार लागली होती. "तू आमचाच रे. नाना उगाच बोलला. तू आयचाच हायस."

"मंग?" आबा म्हणाले. "आयचा नाय तर कोनाचा?"

नानाकाका, बांध, ते वाक्य, सगळं कधीच निघून गेलेलं होतं. जिथे काटा होता तिथे आता काही नव्हतं. मला आनंद व्हायला हवा होता. मी अंगणात उभा राहून रडायला लागलो. पन्नाशीचा माणूस, हातात मोबाइल, नाकातून पाणी. (पाणीपुरवठा त्या दिवशी पहिल्यांदाच वेळेवर झाला.)

आबांनी सुंभ बाजूला ठेवला. त्यांनी मला नीट न्याहाळलं, खाली-वर, बाजारात खोंड बघतात तसं. माहुलीच्या किल्लेदाराचा वंशज, माजी फिनलंडवासी, मी, डोळे पुसत त्यांच्यापुढे उभा होतो. मग ते आत्याच्या कानाशी वाकले, पण आवाज काही हळू केला नाही.

"बाय, ह्यो पोर कोनाचा गो? भला वाटतो. पायलीभर भात घाल नि ठेवून घे."